थायरॉइड आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची एकच वेळ : माझा अनुभव

लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, डोस वाढवूनही आईचा टीएसएच (थायरॉइड संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) वरच राहिला, तेव्हा घराजवळच्या औषधांच्या दुकानातील फार्मासिस्ट ताईंनी केसपेपर पाहून विचारले, ‘या दोन्ही गोळ्या काकू एकदमच घेतात का?’ थायरॉइडची गोळी मेडिसिन विभागाने लिहिली होती, कॅल्शियमची अस्थिरोग विभागाने, आणि दोन्हींपुढे १-०-०, म्हणजे फक्त सकाळी, असे होते. कॅल्शियम कार्बोनेट पोटात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवते, त्यामुळे औषधाचा काही भाग रक्तात न पोहोचताच शौचावाटे निघून जातो. एरवी रिकाम्या पोटीसुद्धा ते साधारण ६० ते ८० टक्केच शोषले जाते.

हे कळायला पाच मिनिटे पुरली. कागदावर यायला मात्र फार त्रास झाला. आईचे म्हणणे एकच, ‘अगं, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी वेळ बदलणार नाही,’ आणि मला ते योग्यच वाटते. उपनगरातील त्या मोठ्या रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत सांगण्यात आले की, कॅल्शियम आमचे नाही, अस्थिरोगात जा. अस्थिरोगाची ओपीडी ठरावीक वारीच असते. त्या वारी लोकलच्या गर्दीतून आईला घेऊन गेले, तर खिडकीवर जुना केसपेपर चालेना. नवा काढून रांग धरली, आणि आत उत्तर मिळाले की, थायरॉइडचे मेडिसिनलाच विचारा. दोन विभाग एकाच इमारतीत, रुग्ण एकच, आणि तिच्या सगळ्या गोळ्या एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, याची चीड मला आजही येते. अखेर एका तरुण निवासी डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कॅल्शियमपुढे ०-१-०, म्हणजे दुपारी, असे लिहून खाली ‘जेवणानंतर, थायरॉइडच्या गोळीनंतर किमान ४ तासांनी’ अशी ओळ घातली. त्या ओळीने मला जो दिलासा मिळाला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून प्रत्येक विभागात सगळ्या औषधांची एकच यादी न्यावी. दुकानातून स्वतःहून आणलेली अँटासिड आणि मल्टिव्हिटॅमिनही तिच्यात लिहावीत. लोहाच्या गोळीलाही थायरॉइडच्या गोळीपासून तेवढेच अंतर लागते. थायरॉइडची गोळी उठल्यावर पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने करावा. वेळ बदलल्यावर लगेच रक्त तपासू नये; या औषधाचे अर्धायुष्य (शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे ७ दिवसांचे असल्याने टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी पाहतात. आईचा त्यानंतर खाली आला. एक सांगायचे राहिले : पँटोप्राझोलसारखी अॅसिडिटीची गोळी जठरातील आम्लच कमी करते आणि थायरॉइडची गोळी नीट शोषली जायला ते आम्ल लागते, त्यामुळे तिथे नुसते अंतर ठेवून भागेलच असे नाही, ती चालू असल्यास डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे.