एका डोळ्यावर अंतर ओळखायला शिकताना: माझा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. दोन ऑपरेशनं झाली, पण त्या डोळ्याची नजर काही परत आली नाही. ऑपरेशनांबद्दल माझी तक्रार नाही. लिहायचंय ते पुढच्या चार महिन्यांबद्दल, कारण तेव्हा कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर त्यातले निदान दोन महिने वाचले असते.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी पेल्यात पाणी ओतायला गेले. पेला स्वच्छ दिसत होता, हात स्थिर होता, आणि धार पडली पेल्याच्या दोन बोटं पलीकडे, टेबलावर. सुईत दोरा, प्लगमध्ये पिन, कुणी हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात, सगळंच थोडक्यात हुकायचं. जिना चढताना त्रास नाही, उतरताना मात्र एकाच रंगाच्या पायऱ्या म्हणजे नुसता सपाट पट्टा. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकला आणि खाली जमीन निघाली, तो झणका मस्तकापर्यंत गेला होता.

हे मी फॉलोअपला सांगितलं आणि तिथेच अडकले. दर तीन आठवड्यांनी बोलावणं, दोन-दोन तास बाकावर, मग खुर्चीत बसून तक्ता वाचायचा. डावा डोळा ६/६. "छान आहे." मी पाण्याचं सांगितलं की उत्तर ठरलेलं, "होईल सवय." सवय कशाची करायची, कशी करायची, त्यावर चकार शब्द नाही. तिसऱ्या खेपेला अंतराची जाण तपासायचं ठरलं. काळसर पोलराइड चष्मा घालायला दिला, समोर पुस्तिका धरली. चार-चार वर्तुळांतलं कुठलं वर उचलल्यासारखं दिसतं ते सांगायचं होतं. मला चारही सपाट. मी नकळत मान जरा बाजूला केली की लगेच, "मॅडम, डोकं हलवू नका." तीनदा ऐकलं. कागदावर लिहिलं गेलं: शून्य.

आता कळतं की त्या चाचणीपुरतं त्यांचं बरोबर होतं. दोन बुबुळांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. इंग्लिश शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपने, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या उपकरणाने, हेच दाखवून दिलं. ती चाचणी फक्त हा फरक मोजते, आणि मान हलवली तर निकाल बिघडतो. पण एक डोळा बंद पडलेल्या माणसाचं उत्तर शून्यच येणार, हे चाचणी न घेताही सांगता आलं असतं. अंतर ओळखायच्या अनेक वाटांपैकी ही एकच वाट बंद झाली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. मी त्या शून्याचा अर्थ 'आता अंतर कळणारच नाही' असा घेतला आणि महिनाभर एकटी बाहेर पडले नाही. त्या महिन्याचा राग अजून गेलेला नाही.

उत्तर मिळालं ते त्याच बाकावर, पुढच्या खेपेला. समोर खिडकी. खिडकीला लोखंडी गज, मागे झाड, त्याच्या मागे एका गच्चीवरची पाण्याची टाकी. स्थिर बसलं की तिन्ही एकाच कागदावर चिकटवल्यासारखी दिसत. पायाला मुंग्या आल्या म्हणून मी बाकावर जरा सरकले, तर गज झाडावरून सर्रकन पुढे गेले आणि टाकी जवळजवळ तिथेच राहिली. मी परत सरकले. मग झाडाच्या बुंध्यावर नजर रोखून हळूहळू डोलून पाहिलं. गज माझ्या उलट दिशेला जात होते, टाकी माझ्याबरोबर येत होती. खिडकी, झाड, टाकी, मधली सगळी मोकळी जागा एकदम उघडली. डोळ्यात पाणी आलं. शेजारच्या आजींनी विचारलं, "चक्कर येतेय का गं?"

याला गतिजन्य पॅरॅलॅक्स म्हणतात, हे नंतर वाचलं. दाट रानात स्तब्ध उभं राहिलं की पानं-फांद्यांचा एकच गुंता दिसतो आणि चालायला लागलं की सगळं सुटं होतं, असं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलंय. टोळ उडी मारण्याआधी अंग डावीउजवीकडे झुलवतो, तेही अंतर जोखायलाच. जे मला खुर्चीत मना केलं जात होतं, तेच माझं औषध होतं.

तेव्हा, नव्याने एका डोळ्यावर आला असाल तर डोकं हलवा. वस्तू उचलण्याआधी मान वीतभर इकडून तिकडे न्या. जिन्याजवळ जाताना चालता चालताच पायऱ्यांच्या कडा बघा, काठावर येऊन थबकून नको. कठडा धराच. पाणी ओतताना भांड्याची कड पेल्याच्या कडेला टेकवा, मग नजरेची गरजच उरत नाही. हस्तांदोलनासाठी आपला हात अर्ध्यावर नेऊन थांबवा, समोरचा येऊन धरतो. गेलेल्या डोळ्याच्या बाजूचा बराच भाग दिसत नाही, मध्ये नाक येतं, म्हणून रस्ता ओलांडताना नुसती नजर नव्हे, पूर्ण मान वळवा. सुरुवातीला संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं, ते पुढे कमी झालं.

धीर सुटला की मी पतौडींचा विचार करायचे. मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर १९६१ च्या मोटार अपघातात गेली, आणि ते खेळलेले ४६ च्या ४६ कसोटी सामने त्यानंतरचे आहेत. सहा शतकं. मला फक्त पेला भरायचा होता. चौथ्या महिन्यात तो एक थेंब न सांडता भरला, आणि मी लगेच दुसरा भरला.

एक सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. उरलेल्या डोळ्याला नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या, सहजी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा पहिल्याच आठवड्यात करून घ्या. मी केला तो दुसऱ्या महिन्यात, अंगणातल्या फांदीने डाव्या भुवईवर ओरखडा काढल्यानंतर.