आमची वाटचाल: वाइंडिंगच्या दुकानापासून हाताला कळणाऱ्या बटणांपर्यंत

लातूरच्या गंजगोलाईजवळ वडिलांनी मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं, तेव्हा काम ठरलेलं असायचं: शेतातले पंप, पिठाच्या गिरण्या आणि उन्हाळा लागला की कूलर. पुढं मी स्वतः कूलर बनवायला लागलो, मिक्सर आणि वॉशिंग मशीनची दुरुस्तीही आली.

दिव्यांगांसाठीचं काम सुरू झालं ते औशाच्या एका काकूंमुळं. साखरेनं त्यांची नजर गेलेली. मुलानं हौसेनं टचचं इंडक्शन आणून दिलं होतं. "शेगडी चांगलीच हाय रे बाबा, पण हाताला कायच लागंना," म्हणाल्या. सपाट काच. बटण शोधायला बोट फिरवलं की तेच दाबल्यासारखं होऊन आच कमीजास्त व्हायची. आम्ही त्यांना नॉबवाली शेगडी दिली आणि नॉबवर एमसीलची बारीक रेघ काढली. काकूंनी फिरवून पाहिलं. "रेघ कळाली, पण ती आली कुठं?" मग भोवतीच्या पत्र्यावर मंद, मध्यम आणि मोठ्या आचेला एक, दोन, तीन ठिपके दिले. आजही आमची पद्धत तीच आहे. ब्रेल आम्ही लावत नाही, कारण उतारवयात नजर गेलेल्या बहुतेकांना ते येत नाही.

लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. नळाचा भरवसा नसल्यानं इथं बादलीनं पाणी ओतायचं सेमी ऑटोमॅटिक मशीनच चालतं. त्याचे फिरते टायमर अंध माणसाला सोयीचे. धुण्याच्या टायमरवर 5, 10 आणि 15 मिनिटांना ठिपके दिले की काम भागतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी बझरला दिवा जोडून देतो.

आमच्या कूलरचे स्विच आणि पाणी ओतायचं तोंड पुढून, खालीच असतं. व्हीलचेअरवरून हात पोचतो. अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर बाहेर जात नाही, कारण चाचपून काम करणाऱ्याचा हात पत्र्याला लागणारच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय. रोजच्या वस्तू सगळ्यांना वापरता येतील अशा बनाव्यात, यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं कलम 43 सांगतं. तरी बाजारात टचची मॉडेलं वाढतच आहेत, याचा मला राग येतो. साध्या मोबाइलच्या 5 या बटणावर उंचवटा असतो. शेगडीवर द्यायला कंपनीला असा किती खर्च येणार?

ठिपक्यांचे पैसे आम्ही घेत नाही, वस्तू कुठल्याही दुकानातली असो. फक्त वापरणाऱ्याला सोबत आणा. "आईसाठी लावून द्या" म्हणत मुलं एकटीच आली, तर आम्ही आईला घेऊन यायला सांगतो. त्यांना येणं जमत नसेल, तर औसा, रेणापूरपर्यंत रविवारी आम्हीच घरी येतो.