उजव्या पायाकडे बघा

दुपारचं जेवण उरकून मोबाइलवर जुने गोल बघत लोळणारी जी जमात आहे, तिला जपानी फुटबॉलपटू शुनसुके नाकामुरा वेगळा सांगायला नको. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत सेल्टिक क्लबचे चाहते त्याला लाडानं ‘नाका’ म्हणत. आपल्याला नाका म्हटलं की चहाची टपरी आठवते, त्याला इलाज नाही.

त्याची फ्री किक (फाउलनंतर मिळणारी मोकळी किक) लागली की सगळ्यांचे डोळे डाव्या पायावर. बघायचा असतो उजवा. तिरका धावत येऊन तो उजवा पाय चेंडूच्या बाजूला, जरा अंतर राखून रोवतो. घोटा बाहेरच्या अंगाला इतका कलतो की आता मुरगळला, असं वाटावं. त्या कलण्यामुळेच कमरेला वळायला जागा मिळते. मग डाव्या पायाच्या अंगठ्यामागचं हाड चेंडूच्या डाव्या-खालच्या भागाला घासत वर जातं. उजवा पाय फार जवळ पडला तर कंबर अडते आणि चेंडू सरळ समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीवर. फार मागे राहिला तर छाती मागे झुकते आणि चेंडू प्रेक्षकांत.

२१ नोव्हेंबर २००६. सेल्टिक पार्क, समोर मँचेस्टर युनायटेड, ८१वं मिनिट, अंतर साधारण २७ मीटर. भिंत ९.१५ मीटरवर, आणि तिनं उडी मारली की ती जवळजवळ आडव्या दांड्याच्या उंचीला पोचते. दांडा २.४४ मीटरवर. म्हणजे चेंडू भिंतीवरून न्यायचा आणि उरलेल्या अठराएक मीटरांत वळवून खालीही आणायचा. ताकद लावली तर तो खाली यायला वेळ उरत नाही, ताकद राखली तर गोलकीपरला वेळ मिळतो. आणि गोलमध्ये व्हान डर सार, जवळजवळ दोन मीटर उंचीचा! तरी चेंडू वरच्या कोपऱ्यात. १-०, आणि सेल्टिक पहिल्यांदाच युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत. याच गोलकीपरला सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्यानं असंच चकवलं होतं, पण तो सामना सेल्टिक ३-२ हरलं, म्हणून त्या किकचं कौतुक कमी. तीही काही कमी नव्हती.

लोक याला जादू म्हणतात, तेव्हा चीड येते. योकोहामाच्या मरिनोस क्लबनं किशोरवयात त्याला वरच्या युवा संघात घेतलं नाही, अंगानं लहान म्हणून. तो तोको गाकुएन शाळेकडून खेळला आणि १९९७मध्ये त्याच मरिनोसनं त्याला व्यावसायिक म्हणून घेतलं. २००२च्या वर्ल्ड कपला, तोही घरच्या मैदानांवर, जपानच्या प्रशिक्षक ट्रूसिएनं त्याला वगळलं. तो इटलीत रेजिना क्लबला गेला, तिथून २००५मध्ये स्कॉटलंडला. जपानच्या जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो २०००मध्ये ठरला, आणि पुन्हा थेट २०१३मध्ये, पस्तिशीत. जे-लीगमध्ये थेट फ्री किकवर २४ गोल, हा विक्रम.

२०२२मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी तो थांबला. अखेरच्या दिवसांत घोट्यानं छळलं होतं. क्लिपांमध्ये मात्र अजूनही डावाच पाय हळू करून दाखवतात.