कुमसार

वसईच्या आमच्या गावात आजी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याला, ‘कुमसार’ म्हणायची. शब्द पोर्तुगीजांचा. ते १७३९ साली वसईतून गेले, शब्द मागे राहिला. मी मात्र ९ वर्षं कुमसाराला गेलो नव्हतो. गंभीर पाप वर्षातून निदान एकदा कबूल करायचं, हा चर्चचा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा. लहानपणी धर्मशिक्षणात घोकलेला. बहुतेक रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचो, पण पाप कबूल केलेलं नसल्यामुळे कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभा राहायचो नाही. बायकोने विचारलं की सांगायचो, ‘कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास मोडला, चहा घेऊन आलो.’ ९ वर्षं तोच चहा.

खरं कारण बावखलाशेजारची, म्हणजे तळ्याशेजारची वाडी. आई आधीच गेली होती, मग बाबा गेले. उरलो मी आणि बाय, माझी थोरली बहीण. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू, त्यात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ‘जमिनीला गिऱ्हाईक नाही, कागद तरी नीट करून ठेवू’ असं सांगून मी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तेव्हा बिल्डरचं टोकन माझ्या कपाटात होतं. तिचा वाटा ११ लाख निघत होता; मी २ दिले, तेही उपकार केल्यासारखे. आमच्याकडे बहिणी सही करतातच, असं स्वतःला समजावत राहिलो. झोप मात्र समजली नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका बुधवारी मी माहीमच्या चर्चमध्ये गेलो. बुधवारच्या नोव्हेनाची, म्हणजे खास प्रार्थनेची, तिथली गर्दी ठाऊक होती, आणि गर्दीत कोण कुणाला ओळखतो? गावच्या फादरांसमोर गुडघे टेकायची हिंमत नव्हती. खरं तर कबुलीत ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, पोलिसांनाही नाही. तरी लाज ती लाज.

जाळीपलीकडचे फादर मराठी बोलणारे निघाले. मी आधी चिल्लर काढली: राग, खोटं बोलणं, चुकवलेल्या मिस्सा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “आणखी काही?” त्या दोन शब्दांनी मी अडकलो. वाडीचं सगळं सांगितलं. सांगतानाही ‘व्यवहारात थोडं कमीजास्त झालं’ असं तोंडातून निघालं, तेव्हा त्यांनी अडवलं. “कमी किती?” मी आकडा सांगितला. ९ लाख.

वाटलं होतं, एखादी जपमाळ सांगतील आणि सोडतील. ते म्हणाले, “क्षमा देव आजच देतो. पैसे मात्र देवाचे नाहीत, तुमच्या बहिणीचे आहेत. परत करायचा निश्चय आहे का?” मी हो म्हणालो. त्यांनी पापक्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून बायबलातलं ५१ वं स्तोत्र, आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातली जक्कय या जकातदाराची गोष्ट घरी वाचायला. जक्कय म्हणतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. गाडीत मी ९ गुणिले ४ केलं आणि खिडकीजवळ उभं राहूनही घाम फुटला.

हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट आता पळवाट उरली नव्हती. आमच्या बिगरख्रिस्ती मित्रांना वाटतं, कबुली म्हणजे साबण. पाप करा, धुऊन या. त्यांनी एकदा बायच्या दारात उभं राहून बघावं. मी तीन आठवडे टाळलं. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या संध्याकाळी दहिसरला तिच्या घरी गेलो.

तिने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडलीही नाही. भावोजी उठून गॅलरीत गेले. चहा विचारला नाही कुणी. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सही करताना मी तुला पेन दिलं होतं. माझंच.” बस, एवढंच. मी २ लाखांचा चेक टेबलावर ठेवला, बाकीचे हप्त्याने देतो म्हणालो. तिने चेक उचलला नाही, परतही केला नाही.

ईस्टरला ९ वर्षांनी कम्युनियन घेतलं. बायकोला चहाचं खरं कारण त्या रात्री सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तेही हिशेबात धरायला हवं.

हप्ते दीड वर्ष चालले. शेवटच्या हप्त्याआधी बायचा फोन आला. इतक्या दिवसांतला तिचा पहिलाच. “बाबांच्या हॉस्पिटलचे १ लाख ४० हजार तू एकट्याने भरले होतेस. त्यातले माझे ७० हजार कापून घे.” मी नको म्हणालो. “नको कसं? हिशेब म्हणजे हिशेब,” असं म्हणून तिने फोन ठेवला. मी ७० हजार कापले.

नाताळला ती अजून आलेली नाही. भावोजी मात्र येऊन गेले.