पलंग दुरुस्त करायचा होता, इंटिरियर करायचे नव्हते

शयनगृह साधे ठेवायचे, घरात आहे तेच नीट करून वापरायचे आणि नवी वस्तू शक्यतो आणायची नाही, असे ठरवले की काम लवकर आणि स्वस्तात उरकेल असे कोणालाही वाटेल. आमचे काम स्वस्तात झाले, पण लवकर मुळीच झाले नाही. सुताराने उशीर केला नाही, गादीवाल्यानेही केला नाही. उशीर झाला तो आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात, एका चार पानी छापील अर्जापायी, आणि हे लिहिताना माझा राग पुरता निवळलेला नाही हे आधीच सांगून ठेवते.

आमची सदनिका पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आहे. शयनगृह दहा फूट बाय अकरा फुटांचे, खिडकी पश्चिमेला. सासूबाईंनी गावचे घर आवरले तेव्हा त्यांचा कातीव पायांचा सागवानी पलंग आमच्याकडे आला. त्याचा एक पाय खिळखिळा झाला होता आणि खालच्या दोन-तीन फळ्यांना कीड लागली होती. नात्यातल्या एका सजावटकार मुलीने खोली पाहून जो आराखडा दिला, त्यात हायड्रॉलिक पेटीचा पलंग, डोक्याशी कापडाने मढवलेली पाटी, दोन बाजूंना दोन टेबले, भिंतभर कपाट आणि फॉल्स सिलिंगमध्ये लपवलेले दिवे असा सगळा थाट होता. खर्च साडेचार लाख. जुन्या पलंगाचे काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मावशी, त्याला आता कोण विचारतो? भंगारवाला देईल ते घ्यायचे.”

मी नकार दिला त्याला भावनेखेरीज दोन कारणे होती. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचे थर किंवा भुसा जोडण्यासाठी बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ वापरतात, आणि नव्या फर्निचरमधून तो वायू बराच काळ थोडाथोडा खोलीत सुटत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. ज्या खोलीत आपण दार लावून सात-आठ तास श्वास घेतो, तिथेच हे सामान सर्वांत जास्त कोंबायचे, हे मला पटत नाही. ज्यांना प्लाय घेणे भागच आहे त्यांनी निदान ई-झीरो किंवा ई-वन दर्जाचा मागावा; त्यातून वायू कमी सुटतो. दुसरे कारण पावसाळ्याचे. कापसाची गादी रात्रभराचा घाम आणि हवेतील दमटपणा शोषते. खाली फटी असलेल्या फळ्या असल्या तर तो ओलावा निघून जातो. बंद पेटी असली तर तो तिथेच कोंडतो आणि श्रावण संपेपर्यंत गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे ठिपके दिसू लागतात.

खोली रिकामी करणे, जुन्या सुती पातळांचे पडदे शिवणे, ट्रंकेतली गोधडी उसवलेल्या जागी पुन्हा धावदोरा घालून घेणे, ही सगळी कामे विनासायास झाली, म्हणून त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. विकत आणलेली मोठी वस्तू एकच, बीएलडीसी पंखा. जुना पंखा साधारण पंचाहत्तर वॅट खात होता, नवा तीसच्या आसपास खातो, म्हणजे रोज रात्री दहा तास चालला तर वर्षाकाठी शंभराहून जास्त युनिट वाचतात. पश्चिमेच्या उन्हासाठी खिडकीच्या बाहेरून बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, लावायची होती, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडवले तर खोली खूपच कमी तापते. पण इमारतीचे दर्शनी रूप बिघडते म्हणून बाहेर काही लावायला बंदी आहे. ती चीक आता आतल्या बाजूला आहे आणि तिचे निम्मेच काम होते.

खरा घोटाळा पलंगापाशी झाला. आधी सुतारच मिळेना. ज्याला विचारावे तो, “दुरुस्ती परवडत नाही, नवा बनवून देतो,” असे म्हणे. शेवटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास चौकशी केल्यावर एक वयस्कर मिस्त्री मिळाले. त्यांनी पलंगाचे फोटो पाहिले, लाकूड जुने आणि चांगले आहे असे सांगितले आणि येण्याचा दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी मी फाटकावर त्यांचे नाव द्यायला गेले, तेव्हा पहारेकऱ्याने मला कार्यालयाकडे बोट दाखवले. हत्यारांची पिशवी घेऊन येणारा माणूस लेखी परवानगीशिवाय आत सोडायचा नाही, असा त्याला हुकूम होता.

कार्यालयातील व्यवस्थापकांनी ‘अंतर्गत सजावट परवानगी’ असे शीर्षक असलेला तो अर्ज पुढे केला. त्यासोबत वास्तुविशारदाने केलेला नकाशा, कंत्राटदाराचा पॅन आणि जीएसटी क्रमांक, प्रत्येक कामगाराच्या आधार कार्डाची प्रत, पंधरा हजार रुपयांची परतावा अनामत, राडारोडा उचलण्याचे तीन हजार रुपये (हे परत मिळत नाहीत) आणि इमारतीच्या खांबांना व तुळयांना धक्का लावणार नाही असे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरील हमीपत्र, एवढे जोडायचे होते.

“अहो, पलंगाचा एक पाय हलतो आहे, तो फक्त घट्ट करायचा आहे,” मी म्हणाले.

“बरोबर आहे मॅडम, पण मी कुठे टिक करू?” त्यांनी अर्ज माझ्याकडे वळवला. ‘कामाचा प्रकार’ या रकान्यात फॉल्स सिलिंग, फरशी, नळकाम, मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, रंगकाम आणि इतर असे पर्याय होते. ‘इतर’वर खूण केली की अर्ज आपोआप व्यवस्थापन समितीच्या बैठकीपुढे जातो आणि ती बैठक महिन्यातून एकदाच होते. ‘वॉर्डरोब’वर खूण केली तर परवानगी लगेच मिळेल, असे त्यांनी मदतीच्या भावनेने सुचवले, पण मग वॉर्डरोबचा नकाशा जोडावा लागला असता. मी ‘इतर’वर खूण केली.

त्याच आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर नवा पलंग आला. फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये ‘डिलिव्हरी’ असे नोंदवले गेले, सांकेतिक अंक सांगितला आणि टेम्पो थेट लिफ्टपाशी आला. खोक्यांतून निघालेल्या पाट्या जोडायला आलेली दोन मुले दुपारभर ड्रिल चालवत होती आणि संध्याकाळी लिफ्टशेजारी थर्माकोल आणि प्लास्टिकचा कमरेइतका ढीग होता. यासाठी अर्ज नाही, अनामत नाही, राडारोड्याचे पैसे नाहीत. मी व्यवस्थापकांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ते कंपनीचे लोक असतात मॅडम.” म्हणजे नवी वस्तू आणणाऱ्याला फाटक आपोआप उघडते आणि जुनी वस्तू जपणाऱ्याने आपल्या इराद्याचा पुरावा द्यायचा. मला सर्वांत जास्त चीड आली ती याचीच.

नियम मुळात निष्कारण केलेला नव्हता, हे मला मान्य आहे. पूर्वी एका सदस्याने स्वयंपाकघराची भिंत न विचारता पाडली होती आणि खालच्या घराच्या छताला ओल धरली होती. त्यानंतर हा अर्ज छापला गेला. पण ज्याने तो छापला त्याच्या डोळ्यांपुढे फक्त तोडफोड होती. घरात सुतार येतो तो नवे काही ठोकायलाच, अशी त्याची खात्री असावी.

समितीची पहिली बैठक गणपूर्तीअभावी तहकूब झाली. पुढच्या बैठकीत टँकरचे पाणी आणि पाहुण्यांच्या गाड्या या दोन विषयांवर एवढी खडाजंगी झाली की माझ्या अर्जापर्यंत कोणी पोहोचलेच नाही. या काळात पलंग भिंतीला टेकवून उभा होता आणि आम्ही जमिनीवर गादी टाकून झोपत होतो. त्याने काही बिघडले नाही. पलंग नसला तरी चालेल, असा विचार दोघांच्याही मनात येऊन गेला. तो बारगळला केवळ यजमानांच्या गुडघ्यांमुळे.

शेवटी मी अर्जाचा नाद सोडून सचिवांना साधे पत्र लिहिले, आणि अशा फेऱ्यात सापडलेल्या प्रत्येकाला माझा हाच सल्ला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत भर घालायची असेल किंवा फेरबदल करायचे असतील तर समितीची पूर्वपरवानगी लागते. पलंग ही हलवता येणारी वस्तू आहे. तिच्या दुरुस्तीने सदनिकेत कोणताही फेरबदल होत नाही. तरीही परवानगी आवश्यक असल्यास ती कोणत्या उपविधीनुसार, त्याचा क्रमांक लेखी कळवावा, एवढेच मी लिहिले. पत्राच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर तारीख, सही व शिक्का यांसह पोच घेतली. पोच मागताच कार्यालयाचा सूर बदलला. सचिवांचा त्याच संध्याकाळी फोन आला. ते गृहस्थ वाईट नाहीत, त्यांना माझे म्हणणे पटलेही. पण ‘उद्या सगळेच असे म्हणतील’ ही भीती त्यांना होती. सकाळी दहा ते पाच हातहत्यारांनी काम करावे, विजेचे यंत्र लावू नये आणि अनामत म्हणून दोन हजार भरावेत, असे ठरले. तेही भरू नयेत, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, असे यजमानांचे मत होते. मला पलंग हवा होता. मी भरले.

मिस्त्रींचे काम अर्ध्या दिवसात आटोपले. त्यांनी पलंग सोडवण्याआधी चारही पायांवर आणि त्यांत बसणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांवर खडूने एक ते चार आकडे घातले. हाताने केलेल्या पलंगात पट्टीचे प्रत्येक कुसू, म्हणजे पायात शिरणारे टोक, आपल्याच भोकात नीट बसते. पायांची अदलाबदल झाली तर चारही सांधे ढिले होतात. पलंग उघडणार असाल तर ही खूण आधी करा, सुतार विसरला तरी तुम्ही विसरू नका. हलणाऱ्या पायातली जुनी पाचर त्यांनी पटाशीने उकरून काढली, सागाचीच नवी तासली, सरस लावून ती ठोकत नेली आणि आवाज बदलला तसे थांबले. “आता अजून एक ठोका मारला तर पाय चिरेल,” ते म्हणाले. मला त्या दोन आवाजांतला फरक कळला नाही. किडलेल्या फळ्यांच्या जागी पाडलेल्या वाड्यांचे लाकूड विकणाऱ्याकडून आणलेल्या सागाच्या फळ्या बसल्या. मजुरी, फळ्या आणि लाखेचे पॉलिश धरून पाच हजारांच्या आत काम झाले.

यानंतर गादी राहिली होती. कापूस इमारतीच्या आवारात पिंजला तर तंतू उडतात आणि दम्याच्या माणसांना त्रास होतो, म्हणून त्या बाबतीत मी वाद घातला नाही. गादी दुकानातच पाठवली. पिंजण्याआधी आणि नंतर आपल्यासमोर काटा करून घ्यावा. धूळ आणि तुटका कापूस निघून गेल्याने वजन थोडे घटणारच, पण किती घटले ते आपल्याला माहीत असावे, म्हणजे नवा कापूस किती घातला याचाही हिशेब लागतो. शक्यतो हे काम पावसाळ्यापूर्वी करावे, कारण ओल्या हवेत कापूस नीट फुलत नाही. गादी बाहेर नेताना फाटकावर ‘साहित्य बाहेर’ अशी पावती करावी लागली आणि परत येताना पहारेकऱ्याने ती पावती काढून ताडून पाहिली. “गेली ती निळ्या पट्ट्यांची होती. ही तांबड्या पट्ट्यांची आहे,” असे म्हणून त्याने टेम्पो थांबवला. आत कापूस तोच आहे, वरचा गादीपाट फक्त नवा शिवला आहे, हे त्याला पटवून द्यायला मला गादीवाल्याशी फोनवर बोलणे करून द्यावे लागले. कर्तव्यदक्ष मनुष्य आहे. त्याच्यावर माझा राग नाही.

अनामतीचे दोन हजार अजून मिळालेले नाहीत. परताव्याच्या अर्जाला कंत्राटदाराचे जीएसटी बिल जोडावे लागते आणि मिस्त्रींनी मला वहीच्या पानावर ‘पलंग दुरुस्ती, पैसे पोचले’ असे लिहून सही दिली आहे. ते पान मी जोडले आहे, सोबतच्या पत्रावर पोच घेतली आहे, आणि येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय आहे असे मला सांगण्यात आले आहे. ज्यांना असेच काम करायचे आहे त्यांनी सुताराकडून अशी चिठ्ठी आठवणीने घ्यावी, तीवर ‘दुरुस्ती’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि मूळ प्रत कार्यालयात न देता आपल्याजवळ ठेवावी.