एलसॅटमधले प्रिन्सिपलचे प्रश्न: तत्त्व पटतंय का ते बघूच नका

ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून (अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) लॉजिक गेम्स, म्हणजे कोडीवजा प्रश्न, गेले आणि त्या जागी लॉजिकल रीझनिंगचा, म्हणजे छोटे युक्तिवाद तपासायचा, अजून एक सेक्शन आला, म्हणजे आता मार्क धरले जाणाऱ्या तीन सेक्शनपैकी दोन याचेच, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. त्यामुळे अमेरिकेत लॉ स्कूलची तयारी करताय तर प्रिन्सिपलचे प्रश्न 'नंतर बघू' म्हणून सोडू नका, कळकळीने सांगतोय.

प्रश्न साधारण असा असतो, की खालीलपैकी कुठलं तत्त्व, ते खरं धरलं तर, वरच्या युक्तिवादाला सगळ्यात जास्त आधार देतं? यातलं 'खरं धरलं तर' बरेच जण वाचून सोडून देतात आणि मग 'छे, इतकं टोकाचं कसं असेल' म्हणत बरोबर ऑप्शनच उडवतात. टोकाचं चालतं हो इथे! 'मस्ट बी ट्रू'मध्ये, म्हणजे दिलेल्या माहितीवरून काय नक्की खरं ठरतं ते विचारणाऱ्या प्रश्नांत, ज्या 'नेहमी', 'कधीच नाही'ला आपण घाबरतो ते इथे उलट कामाला येतात.

समजा युक्तिवाद असा: पैसे वाचवायला लायब्ररी रविवारी बंद ठेवायचं चाललंय, पण रविवारी येणाऱ्या बऱ्याच जणांना दुसऱ्या कुठल्याच दिवशी येता येत नाही, म्हणून ती बंद ठेवू नये. आधी आहे ती नुसती माहिती आणि शेवटी एकदम 'नये', ती मधली जागा भरणारं तत्त्व शोधायचंय.

एक ऑप्शन म्हणतो, लोकांना पर्याय असेल तर सेवा बंद करायला हरकत नाही. शहाणपणाचं वाटतं, पण पर्याय नसलेल्यांबद्दल ते काहीच बोलत नाही. दुसरा म्हणतो, लोकांचं अडत असेल तरच सेवा चालू ठेवावी. हा सगळ्यात जास्त फसवतो, कारण शब्द सगळे ओळखीचे, पण यातून एवढंच निघतं की कुणाचं अडत नसेल तर चालू ठेवू नये, अडत असेल तर ठेवलीच पाहिजे असं यात कुठे म्हटलंय? तिसरा: कपातीमुळे काहींना सेवा मिळणंच बंद होणार असेल तर, कितीही पैसे वाचोत, ती कपात कधीच करू नये. प्रत्यक्षात मला हे पटणार नाही, पण उत्तर हेच.

ऑप्शन बघायच्या आधी निष्कर्षातलं क्रियापद पकडा. तिथे 'नये' असेल आणि ऑप्शन 'असेल तर हरकत नाही'वर संपत असेल तर तो तिथल्या तिथे कापा, त्यातून 'नये' निघत नाही; फक्त 'असेल तरच हरकत नाही' असेल तर थांबा, त्यातून 'नये' निघू शकतं.