आधी शाई, मग गुहा: यरुशलेम ते कुमरान

बहुतेक पर्यटक आधी कुमरानच्या गुहा उरकतात आणि वेळ उरलाच तर यरुशलेमचं इस्राएल म्युझियम गाठतात. मी उलट जायला सांगेन. मृत समुद्राकाठची प्राचीन ज्यू हस्तलिखितं याच गुहांत सापडली, पण ती कोणी लिहिली, याचा पुरावा दगडांपेक्षा चामड्यावर जास्त आहे.

म्युझियमच्या आवारातला ‘श्राईन ऑफ द बुक’चा पांढरा घुमट म्हणजे ज्या मातीच्या बरण्यांत पहिल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांचं झाकण. मधोमध गोलाकार मांडलेली, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी प्रतिकृती आहे, पण नाक मुरडू नका. लेखनिकाचा हात तिच्यातही दिसतो. मूळ गुंडाळी ७.३४ मीटर लांब, चामड्याचे १७ तुकडे शिवलेली, ५४ स्तंभांची, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. ग्रंथ त्याहून जुना, त्यामुळे इथे शोध नकलकाराचा.

हिब्रू येत नसलं तरी चालेल, उजवीकडून स्तंभ मोजत चला. सत्ताविसाव्याच्या तळाशी तीन ओळींची जागा कोरी आहे आणि अठ्ठाविसावा नव्या चामड्यावर सुरू होतो. नेदरलँड्सच्या खोनिंगन (ग्रोनिंगन) विद्यापीठाने २०२१ मध्ये अक्षरांची संगणकावर तुलना केली, तेव्हा नेमका इथेच हात बदलल्याचं दिसलं. वळण मात्र इतकं सारखं की नुसत्या डोळ्यांना कळू नये.

मग तेहेतिसावा स्तंभ. ‘गवत सुकतं, फूल कोमेजतं’ हे शब्द मजकुरात दोनदा येतात. लेखनिकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर घसरली आणि मधला मजकूर गळला. नंतर दुसऱ्या कुणीतरी तो ओळीच्या वर आणि पुढे समासात उभा उतरवत भरला, देवाच्या नावाच्या जागी चार ठिपके देऊन. कुमरानच्याच गुहेत सापडलेली एका ज्यू पंथाची नियमावली लिहिणारा हात हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. मला हा कोपरा अख्ख्या दालनाहून मोलाचा वाटतो.

कुमरान इथून सुमारे ४० किलोमीटर. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत बस धरून चालू नका. सकाळी लवकर पोहोचा, पाणी भरपूर ठेवा. प्राचीन वस्तीच्या अवशेषांत सावली जवळजवळ नाहीच.

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ रोलाँ द व्हो यांनी १९५१ ते १९५६ दरम्यान इथे उत्खनन केलं. एका खोलीत वरच्या मजल्यावरून कोसळलेली गिलाव्याची लांब बाकं आणि दौती मिळाल्या, म्हणून ती लेखनशाळा आणि लिहिणारे एसेनी या प्राचीन ज्यू पंथाचे, असं त्यांनी मांडलं. बाकं लिहायला गैरसोयीची, हा जुना आक्षेप. त्याहून वजनदार आक्षेप हस्ताक्षरांचा: ती शेकडो आहेत, एवढे लेखनिक या एका वस्तीत मावत नाहीत. स्तोत्रांच्या एका गुंडाळीच्या शाईतलं क्लोरीन-ब्रोमीनचं प्रमाण मृत समुद्राच्या पाण्याशी जुळतं, म्हणजे ती शाई याच भागातली. पण २०२० च्या डीएनए तपासणीत यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे काही तुकडे गाईच्या कातड्याचे निघाले, आणि या वाळवंटात गाई पोसणं कठीण. काही इथे लिहिलं, बरंच बाहेरून आलं, हेच मला पटतं.

गुहा क्रमांक ४ मध्ये शिरता येत नाही, समोरच्या कठड्यावरूनच बघायची. १९५२ मध्ये तिथून सुमारे १५,००० तुकडे निघाले. सुरुवातीच्या अभ्यासकांनी ते चक्क चिकटपट्टीने जोडले; गोंद चामड्यात मुरून काळा पडला आणि तो काढण्याचं काम पुढे कित्येक दशकं चाललं.